दुरुस्तीचे बलुते



इतिहास म्हटला की आपल्यापुढे किल्ले उभे राहतात, लढाया आणि तह आठवतात. आज मात्र मी तुम्हांला घराबाहेर कुठेही नेणार नाही. तुमच्या घरात जी सर्वांत जुनी लाकडी वस्तू असेल, ती तेवढी उजेडात आणा. पणजोबांच्या वेळचा चौरंग असेल, आजीची पेटी असेल, माळ्यावर टाकलेला पाळणा असेल, नाहीतर एक पाय डळमळणारी खुर्ची असेल. आता ती उलटी करा आणि तिचा तळ पाहा. वरून दिसते ती शोभा, तळाकडून दिसते ती कारागिरी. वाकसाने तासल्याच्या खुणा तिथे अजून असतील. एखादी लाकडी मेख दिसेल. चार पायांपैकी एक पाय वेगळ्या लाकडाचा निघेल. मधे कधीतरी कुणीतरी बसवलेली पट्टी हाताला लागेल.

ती पट्टी आणि तो वेगळा पाय हीच आपल्या आजच्या विषयाची साधने आहेत. ती वस्तू कुणी घडवली हे तर त्यावरून कळतेच. पण ती मोडल्यावर कुणाला तरी बोलावले गेले, त्याने ती पुन्हा उभी केली, आणि घराने ती टाकून दिली नाही, हेही कळते. आपल्या तासगाव भागात, म्हणजे पूर्वीच्या सातारा आणि आताच्या सांगली जिल्ह्यात, लाकूडकामाचा इतिहास हा निम्मा घडवण्याचा आणि निम्मा दुरुस्तीचा आहे. घडवण्याचे कौतुक आपण करतो. दुरुस्तीचे मोल मात्र विसरलो. ते कसे विसरलो, हेच मला आज सांगायचे आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. सुतार हा शब्द सूत्रापासून आला; सूत्र धरणारा तो सुतार. लाकडावर सूत धरून रेघ पाडायची आणि त्या रेघेबरहुकूम कापायचे, हे त्याचे मूळ शास्त्र. आजही सुतार म्हणतो, "दोन सूत कमी करा." आठ सुतांचा एक इंच. त्याच्या हत्यारांची नावे घ्या. करवत हा शब्द संस्कृत करपत्रावरून आला. रंधा फारसीतून आला. दाराची बिजागरी पोर्तुगीजांकडून आली, आणि शाळेतला बाकही त्यांच्याच बोलीतून. खुर्ची मूळची अरबी. ती फारसीच्या वाटेने मराठीत आली. टेबल इंग्रजांचे. कपाट मात्र आपले जुने. पण संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. भिंतीतल्या कोनाड्याला फळ्या लागल्या, आणि पुढे तो सबंध कोनाडाच कपाट झाला. एका सुतारमेटावरच्या दहा शब्दांत किती राज्ये आणि किती बाजारपेठा येऊन गेल्या, पाहा!

आता गावात येऊ. बारा बलुतेदारांची नावे आपल्याला पाठ असतात, पण त्यांत तीन ओळी होत्या हे पुष्कळांना ठाऊक नसते. या ओळींना कास म्हणत. गाईची कास, तशी ही गावाची कास. जुन्या नोंदींत पहिल्या म्हणजे थोरल्या कासेत सुतार, लोहार, महार आणि मांग यांची गणना केलेली आढळते. ज्यांच्यावाचून शेती उभीच राहत नाही, ते पहिले. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या पुस्तकात ही सबंध व्यवस्था तिच्या गुणदोषांसह मांडली. शिक्षकांनी ते पुस्तक जरूर पाहावे.

सुताराचे काम काय? नांगर, कुळव, कुरी, कोळपे, जू, मोटेचे चाक, गाडीचा साटा. लाकूड शेतकऱ्याने द्यायचे. बहुधा बांधावरची बाभळ. सुताराने ते तासून औत उभे करायचे आणि वर्षभर ते चालते ठेवायचे. पेरणीच्या ऐन घाईत कुरीचा दांडा मोडला, तर शेतकरी तो खांद्यावर टाकून मेटावर येणार, आणि सुताराने हातातले काम बाजूला ठेवून तो आधी नीट करायचा. त्या वेळी पैसे मागायचे नाहीत. पीक निघाले की खळ्यावर जायचे आणि आपल्या वाट्याच्या पेंढ्या आणि धान्य घेऊन यायचे. हेच ते बलुते. नवी गाडी करायची, घर बांधायचे, लग्नाचा चौरंग करायचा, तर त्याची मजुरी निराळी ठरे.

इथे जरा थांबा, कारण आजच्या विषयाची किल्ली इथेच आहे. आपण समजतो की बलुत्यात सुतार दुरुस्ती फुकट करून देई. तसे नव्हते. बलुते हे मुख्यत्वे दुरुस्तीचेच मोल होते! नव्या मोठ्या कामाचा हिशेब वेगळा. जुने चालते ठेवण्याचा हिशेब वर्षाच्या धान्यात. आजच्या भाषेत बोलायचे तर गाव सुताराला वर्षाची ठरीव रक्कम देऊन राखून ठेवत होते. पैसे हातोहात पडत नसत, म्हणून ते दिसत नसत. पण दिसत नसत म्हणजे नव्हते, असे नव्हे.

यावरून बलुतेदारी म्हणजे रामराज्य होते असे मात्र कुणी समजू नये. काम जातीने ठरलेले होते. सुताराच्या पोराने सुतारच व्हायचे. आपल्या कामाची किंमत आपण ठरवण्याची मुभा त्याला नव्हती. आणि पीकच आले नाही तर बलुते कुठले? १८७६ ते १८७८ या सालांत दख्खनवर मोठा दुष्काळ पडला. शेतकऱ्याच्या घरी दाणा नाही, तिथे खळ्यावरून कारागिराच्या घरी काय येणार? तेव्हा जुनी व्यवस्था गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण तिच्या पोटात जी एक शहाणी गोष्ट होती, दुरुस्तीला धान्य मोजण्याची, ती व्यवस्थेबरोबर गेली हे मात्र ध्यानात घेतले पाहिजे.

खेड्यातून आता तासगाव गावात येऊ. इथे पटवर्धनांचे ठाणे होते. परशुरामभाऊ पटवर्धनांनी १७७९ साली गणपतीच्या देवळाचे काम सुरू केले आणि ते १७९९ मध्ये पुरे झाले. कर्नाटकच्या मोहिमांत त्यांनी दक्षिणेकडची देवळे पाहिली होती, म्हणून आपल्या मुलखात सहसा न दिसणारे उंच गोपूर तासगावात उभे राहिले. भाद्रपद शुद्ध पंचमीला इथल्या गणपतीचा उंच रथ निघतो आणि हजारो हात दोर धरून तो ओढतात. असा रथ असो, पालखी असो की देव्हारा असो, अशा वस्तूंना एक नियम असतो. त्या जुन्या झाल्या म्हणून कुणी मोडीत काढीत नाही. झिजलेला भाग तेवढा काढायचा, त्याच मापाचा नवा बसवायचा, आणि वस्तू तीच ठेवायची. देवाच्या बाबतीत आपण हा शहाणपणा अजून सोडलेला नाही. घरच्या खुर्चीच्या बाबतीत मात्र तो आपल्याला सुचत नाही.

ज्या गावात सरदारांचे ठाणे, तिथे वाडे आलेच. वाडा म्हणजे दगड, माती, विटा यांच्याबरोबर लाकडाचा सांगाडाही. दगडी उथळ्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, त्यांवर फळ्या किंवा माळवद. घर किती मोठे हे फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. पाच खणांचे घर, सात खणांचा सोपा. म्हणजे घराचे मापच मुळी सुताराच्या हातात होते. पेशवाईतल्या वाड्यांत सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, मधल्या महिरपी आणि केळफुलाचे नक्षीकाम हे सुताराच्या हौसेचे आणि मालकाच्या ऐपतीचे दर्शन असे.

पण या वाड्यांत, आजच्या अर्थाने म्हणाल तर, फर्निचर किती होते? फार थोडे. गादी, लोड, तक्के घालून जमिनीवरच बैठक. जेवायला पाट. पूजेला चौरंग. झोपायला बाज किंवा पलंग. ठेवायला संदूक, पेटारा, फडताळ. दिव्याला भिंतीतली दिवळी, कपड्याला खुंटी, दुधातुपाला शिंके. अंथरुणे रचायला घडवंची, आणि हौस असेल तर झोपाळा. आपले फर्निचर भिंतीत आणि छताला होते. जमीन माणसांसाठी मोकळी होती. तोच सोपा दिवसा कचेरी, दुपारी पंगतीची जागा आणि रात्री झोपण्याची खोली होई. गरिबी म्हणून घर रिकामे होते असे नव्हे. राहण्याची तऱ्हाच तशी होती.

मग खुर्ची कशी आली? ती राज्यकारभाराबरोबर आली. १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले. त्याच साली तासगावची पटवर्धनांची जहागीरही इंग्रजांकडे गेली. तासगाव तालुका सातारा जिल्ह्यात आला. मामलेदाराची कचेरी बसली. कचेरीत टेबल आले, टेबलामागे खुर्ची आली, आणि खुर्चीपुढे उभा राहणारा रयतेचा माणूसही आला. मराठीत आजही खुर्ची म्हणजे नुसते आसन नव्हे, अधिकार. "खुर्चीला मान आहे," असे आपण म्हणतो ते उगीच नव्हे. त्यानंतर शाळा आल्या, त्यांत मास्तरांची खुर्ची आणि मुलांचे बाक आले. १८९० च्या आत पुण्याहून मिरजेकडे रेल्वे धावू लागली आणि स्टेशनवर बाके आली. वकील, डॉक्टर, पेढीवाले यांच्या घरी पाहुण्यासाठी दोन खुर्च्या दिसू लागल्या.

मुंबईत त्या काळी शिसवी लाकडाचे, भरगच्च नक्षीचे फर्निचर प्रसिद्ध होते. ते साहेबांच्या आणि धनिकांच्या बंगल्यांत जाई, परदेशीही जाई. सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ साली निघाली, आणि १८९१ मध्ये तिच्याबरोबर कारागिरीच्या कार्यशाळा सुरू झाल्या. पण तासगावासारख्या पेठेतला सुतार काही त्या शाळेत गेला नाही. त्याची शाळा म्हणजे एखादी आलेली खुर्ची. कचेरीतली खुर्ची मोडली, दुरुस्तीला मेटावर आली. त्याने ती खोलली; कुठला सांधा कुठे बसतो ते पाहिले; माप घेतले; आणि मग गिऱ्हाइकाने सांगितल्यावर तशीच दुसरी केली. मोडकी खुर्ची हेच त्याचे क्रमिक पुस्तक. नवे करण्याची विद्या दुरुस्तीतूनच येते, हे मी म्हणतो ते असे.

एवढ्यात आणखी एक मोठी गोष्ट घडली, आणि ती आपल्या शेजारीच घडली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. सुरुवातीला शेतकरी तो घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, पीक येणार नाही, अशी लोकांची समजूत. पण जो घेई त्याला नांगराची खोली दिसे. १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर, कुंडल रोड स्टेशनजवळ, किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. आज हे ठिकाण पलूस तालुक्यात आहे. तासगावापासून ते फार लांब नाही. ज्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली, ते कर्मवीर हे लोखंडी नांगर खपवायला गावोगाव फिरले होते. पुढे साताऱ्याकडे कूपरांचा कारखानाही नांगर काढू लागला.

शेतकऱ्याच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. पण सुताराच्या दृष्टीने विचार करा. नांगर हे त्याच्या बलुत्याचे मूळ. तेच लोखंडाचे झाले. त्याचा फाळ झिजला तर नवा फाळ दुकानातून येणार. पुढे १९३० नंतर रबरी धावेची डनलप गाडी आली आणि तुंबा, आरे, पुठ्ठे यांचे चाक हळूहळू मागे पडले. पंप आला, मोट गेली, मोटेचे चाक गेले. शेवटी ट्रॅक्टर आला. एकेक औत मेटावरून कमी होत गेले तसे खळ्यावरचे एकेक बलुते कमी झाले. शेतकरी म्हणाला, "आता तुझ्याकडं काही काम पडत नाही, मग पेंढ्या कशाच्या?" त्याचेही खोटे नव्हते.

मग सुताराने काय केले? तो पेठेत आला. एका खोलीचे दुकान, पुढे रस्ता, मागे लाकडाची रास. बलुत्याऐवजी रोख. औताऐवजी दारे, खिडक्या, पलंग, टेबल, कपाट, लग्नाचे फर्निचर. एकाच गावाशी बांधलेला माणूस दहा गावांचा झाला. स्वतःचे मोल स्वतः सांगू लागला. जातीचे बंधनही सैल झाले. आज या धंद्यात सगळ्या जातिधर्मांचे लोक आहेत. ही प्रगती नाही असे कोण म्हणेल?

धंदा बदलूनही हात कसा टिकवावा, याचे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात, मिरजेला आहे. तिथले शिकलगार शस्त्रांना धार लावणारे. शस्त्रांचे दिवस संपले तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, फरीदसाहेब यांनी तंतुवाद्ये बनवायला सुरुवात केली, आणि ते घराणेच सतारमेकर म्हणून ओळखले जाऊ लागले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथली दुकाने लहान. पण गवई येऊन सांगतो, "माझा स्वर अमुक, मला तंबोरा असा हवा," आणि तसा तो घडतो. जुना तंबोरा दुरुस्तीला येतो तेव्हा कारागीर त्याला नव्याइतकाच वेळ देतो, आणि गवई त्याचे मोल देतो. नव्या तंबोऱ्यापेक्षा जुना मुरलेला बरा, हे त्याला कळते. गिऱ्हाइकाला कळते म्हणून कारागीर टिकतो. हे सूत्र लक्षात ठेवा.

फर्निचरच्या बाबतीत मात्र गिऱ्हाइकाला हे कळेनासे झाले. बलुते गेले, आणि त्याबरोबर दुरुस्तीला काही मोजायचे असते ही जाणीवच गेली. दुरुस्ती म्हणजे जाता-जाता करून द्यायची गोष्ट, अशी आपली समजूत राहिली. नव्या कपाटाला आपण हजारो रुपये मुकाट्याने मोजतो; पण जुन्या खुर्चीचा सांधा सोडवून पुन्हा बसवायला सुताराने दिवसाची मजुरी मागितली की म्हणतो, "एवढ्याशा कामाला एवढे?" मग तोही शहाणा होतो. म्हणतो, "टाका ती जुनी, नवीन करून देतो." तिकडे मुंबईत गोदरेजने १९२३ पासून लोखंडी कपाटे काढली. १९३० नंतरच्या दशकात किर्लोस्करवाडीतही लोखंडी फर्निचर होऊ लागले. पुढे प्लायवुड आले, लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळ्या आल्या, प्लॅस्टिकची खुर्ची आली. या सर्व वस्तू आपापल्या जागी उपयोगी आहेत. गरिबाला बसायला स्वस्त खुर्ची मिळाली हे वाईट नव्हे. पण दाबलेल्या भुशाच्या फळीला एकदा पाणी लागून ती फुगली की कुठलाही सुतार ती पूर्ववत करू शकत नाही. त्या वस्तूच्या जन्मातच दुरुस्ती नाही.

जुन्या कामात ती कशी असते ते पाहू, म्हणजे फरक कळेल. खुर्चीच्या पायात चौकोनी भोक पाडतात. आडव्या पट्टीचे टोक तासून त्या भोकात घट्ट बसेल असे करतात. त्याला कुसू म्हणतात. सरस लावून ते आत बसवतात, आणि वाटले तर आडवी लाकडी मेख किंवा पाचर मारतात. लोखंडी खिळा शक्यतो नाहीच. का? लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आटते. कुसू आणि भोक दोन्ही लाकडाचीच असल्याने ती एकमेकांना सांभाळून घेतात. खिळा मात्र जागचा हलत नाही. तो गंजतो, भोवतीचे लाकूड काळे आणि ठिसूळ होते, आणि शेवटी फळी चिरते. शिवाय सरस हा जनावरांच्या कातड्याहाडांपासून होतो. ऊन पाण्याने आणि वाफेने तो पुन्हा मऊ पडतो. म्हणजे पन्नास वर्षांनी दुसरा सुतार येऊन तो सांधा न मोडता उघडू शकतो. करणाऱ्याने दुरुस्त करणाऱ्यासाठी वाट ठेवलेली असते. आपण मेल्यावरही ही वस्तू कुणीतरी नीट करील, असा विश्वास त्या सांध्यात आहे.

तुमच्या घरी अशी जुनी वस्तू असेल तर चार गोष्टी सांभाळा. खुर्ची डुलू लागली की खिळा ठोकू नका. सांधा ढिला आहे, तो खोलून पुन्हा बसवून घ्या. पाय बदलायचा झाला तर त्याच जातीचे, मुरलेले लाकूड घ्या. पाडलेल्या घराची जुनी कडी किंवा चौकट यासाठी उत्तम. ती कधीच वाळून स्थिर झालेली असते. लाकडाचे रेषे पायाच्या लांबीने जाऊ द्या, आडवे असतील तर पाय मोडणारच. बारीक भोकांतून ताजा भुसा पडताना दिसला तर कीड जिवंत आहे; आधी तिचा बंदोबस्त करा, मग शोभा. पृष्ठभाग खरडून नवा कोरा करण्याचा हट्ट धरू नका. वर्षानुवर्षे हात लागून आलेली झिलई पुन्हा विकत मिळत नाही. ओलसर फडक्याने पुसा, वाळू द्या, आणि जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. एक इशारा: जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. मोकळी पसरून वाळवा.

सगळेच जुने जपावे, असे माझे म्हणणे नाही. पूर्ण पोखरलेले लाकूड चुलीतच जावे. पण निर्णय करण्याआधी तीन प्रश्न विचारा. ही वस्तू उलगडता येते का? हिचे मूळ लाकूड शाबूत आहे का? आणि दुरुस्त केल्यावर ती नव्यापेक्षा अधिक वर्षे जाईल का? तिन्हींची उत्तरे 'होय' असतील तर दुरुस्तीची मजुरी जड वाटू देऊ नका. आपल्याकडे जुने वाडे आणि घरे पडतात तेव्हा सागवानी खांब, दारे, पेट्या उचलून नेल्या जातात. विकणाऱ्याला ते अडगळीचे लाकूड वाटते. घेणाऱ्याला मात्र त्याची किंमत नीट ठाऊक असते.

आता शिक्षकांसाठी दोन शब्द. १९३७ साली वर्ध्याला शिक्षणाची परिषद भरली, आणि झाकीर हुसेन समितीने हस्तोद्योगातून शिकवण्याची जी योजना मांडली तीत सुतारकामही होते. ती योजना आज त्या रूपात चालत नाही. तरी तिच्यातला विचार आपण एका तासापुरता तरी वापरू शकतो. वर्गातला एक डळमळता बाक घ्या. गावातल्या सुतारदादांना बोलवा, त्यांना त्यांची मजुरी द्या, आणि मुलांसमोर तो बाक खोलायला सांगा. पाऊण तासात मुलांना काटकोन समजेल, माप समजेल, लाकडाचे रेषे समजतील. सूत आणि इंच यांचा हिशेब त्यांना पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

मग मुलांना घरी पाठवा आणि एकेक वस्तू वहीत नोंदवायला सांगा. वस्तूचे घरातले नाव काय? ती कुणासाठी, कोणत्या प्रसंगी केली? लाकूड कोणते? सांधा खिळ्याचा की कुसवाचा? किती वेळा दुरुस्त झाली, आणि दर वेळी कुणी केली? शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारायला लावा. त्याचे उत्तर आजीआजोबांनाच ठाऊक असेल. चाळीस मुलांच्या चाळीस नोंदी झाल्या म्हणजे तुमच्या गावाच्या कारागिरीचा असा इतिहास तयार होईल, जो कुठल्याही दप्तरात सापडणार नाही. घडवंची, फडताळ, तिवई हे शब्दही त्या वहीत जिवंत राहतील.

आणि घरच्या मंडळींना एवढेच सांगणे आहे. आपले आजेपणजे गरीब होते, तरी औत चालते ठेवणाऱ्या हाताला खळ्यावरून धान्य देत होते. आपल्याकडे खळे उरले नाही. पैसा मात्र आहे. पुढच्या वेळी सुतारदादा जुन्या चौरंगाचा पाय बसवून देतील आणि मजुरी सांगतील, तेव्हा घासाघीस करण्याआधी त्या चौरंगाच्या तळाकडे एकदा पाहा. तिथे आधीच्या कुणाची तरी पट्टी असेल. तिचे मोल त्या काळी दिले गेले होते, म्हणूनच तो चौरंग तुमच्यापर्यंत पोहोचला.